बोटीच्या पंख्याची पाती फिरवणारं उपकरण: पेटंटच्या परीक्षणातून अर्ज पार कसा न्यायचा

ट्रॉलर रिकामा धावत असताना पंख्यावर जो भार असतो, तो जाळं ओढताना राहत नाही. जाळं पाण्यात असलं की वेग दोन-तीन नॉटवर येतो. पाती एकाच कोनात ओतलेली असतील तर ती यांपैकी एकाच कामाला नीट बसतात. दुसऱ्या कामात इंजिन धापा टाकतं, नाहीतर पूर्ण ताकद न देता नुसतं गरगरतं. चालत्या शाफ्टवर पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा मोठ्या जहाजांवर केव्हाच आली. लहान बोटीला परवडेल अशी यंत्रणा बनवणारे वर्कशॉपवाले आणि इंजिनिअरिंग कॉलेजांचे गट तिच्यासाठी पेटंटचा अर्ज करतात, आणि पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, हातात पडला की गोंधळतात. भारतीय पेटंट कार्यालयातल्या या टप्प्याबद्दल इथे लिहिलं आहे.

सोयीसाठी एक काल्पनिक यंत्र धरू. तीन पात्यांचा पंखा. पोकळ शाफ्टमधून पुढे-मागे सरकणारा रॉड. रॉडच्या टोकाला हबमध्ये, म्हणजे पाती जिथे बसतात त्या मधल्या गोळ्यात, क्रॉसहेड, म्हणजे रॉडसोबत सरकणारा ठोकळा, त्यात आडव्या खाचा, आणि प्रत्येक पात्याच्या बुडाला मध्यापासून दूर बसवलेली पिन त्या खाचेत. रॉड सरकला की पाती फिरतात. रॉड हलवायला बोटीच्या आत विजेवर चालणारा अ‍ॅक्चुएटर. वीज गेली तर पाती पुढच्या चालीच्या कोनात आणून धरणारी स्प्रिंग.

अर्ज करण्याआधी

तुमच्यासारखं यंत्र आधी कुणी केलं आहे का, हे परीक्षक जिथे शोधणार, तिथे आधी तुम्ही शोधा. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या विषयाचं घर बी६३एच ३/०० आहे. त्याच्या पोटात ३/०६ हा वीज वगैरे अयांत्रिक साधनांनी कोन बदलण्याचा गट, ३/०८ हा तेलाच्या दाबाचा आणि ३/१० हा इंजिनच्या नियंत्रणाशी जोडलेल्या यंत्रणांचा. आपोआप मिटणारी पाती बी६३एच १/२४ मध्ये सापडतात. एवढ्यावर थांबू नका. विमानाच्या पंख्यांसाठी बी६४सी ११/३० आणि पाण्यावर चालणाऱ्या कॅप्लान टर्बाइनच्या फिरत्या पात्यांसाठी एफ०३बी ३/१४ हेही चाळा, कारण परीक्षक शेजारच्या क्षेत्रातून दाखला, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेलं पेटंट किंवा मजकूर, आणायला कचरत नाही. एस्पेसनेट, पेटंटस्कोप, गूगल पेटंट्स आणि भारतीय अर्जांसाठी इनपास, ही शोधाची संकेतस्थळं सगळी फुकट आहेत. जुने दाखले वगळू नका. बेनेट वुडक्रॉफ्ट याने कोन बदलता येणाऱ्या जहाजी पंख्याचं ब्रिटिश पेटंट १८४४ मध्येच घेतलं होतं. गंमत अशी की हाच माणूस १८५२ नंतर तिथल्या पेटंटांच्या सूची बनवण्याचं काम सांभाळत होता. मूळ कल्पनेवर कुणाचाही हक्क उरलेला नाही. तुमचा हक्क फक्त तुमच्या रचनेवर.

दुसरी काळजी चाचणीची. बोटीचं यंत्र बंद खोलीत तपासता येत नाही. ते बंदरातच चालवावं लागतं आणि चार लोक बघतात. पेटंट कायद्याचं कलम ३२ इथे कामी येतं: केवळ वाजवी चाचणीसाठी, आणि यंत्राचं स्वरूपच असं असल्यामुळे उघड्यावर, अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधीच्या (म्हणजे या यंत्राचा पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेआधीच्या) एका वर्षात यंत्र चालवलं असेल, तर तेवढ्यावरून नावीन्य जात नाही. दुसऱ्याच्या बोटीवर चालवलं तरी तुमची संमती होती हे कागदावर हवं. चाचणीची नोंदवही ठेवा: तारीख, बोट, कशासाठी, किती वेळ. त्याच चाचणीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर मात्र ते प्रकाशन झालं, त्याला कलम ३२चं छत्र नाही. कॉलेजच्या प्रदर्शनाचंही तसंच. कलम ३१ची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच मिळते, स्नेहसंमेलनातल्या स्टॉलला नाही.

स्पेसिफिकेशन, म्हणजे यंत्राचं लेखी वर्णन: इथेच खरा निकाल लागतो

कलम १०(४) सांगतं की यंत्र, ते कसं चालतं आणि तुम्हाला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली पद्धत पूर्णपणे लिहायला हवी. कलम ५९ सांगतं की जे आधी लिहिलं नाही ते नंतर घालता येणार नाही. ही दोन कलमं एकत्र वाचली की एफईआरचं अर्धं उत्तर अर्ज करतानाच लिहावं लागतं हे कळतं.

वरच्या उदाहरणात चूक कुठे होते पाहा. अर्जदार लिहितो, ‘वीज गेल्यावर स्प्रिंग पाती पुढच्या कोनात आणते.’ वाक्य सरळ दिसतं. पण आटे असलेल्या स्क्रूवर चालणारे बहुतेक अ‍ॅक्चुएटर स्वतःच अडकून राहतात. वीज नसताना रॉडवर जोर दिला तरी स्क्रू उलटा फिरत नाही. म्हणजे स्प्रिंग कितीही जाड घेतली तरी क्रॉसहेड जागचा हलणार नाही. मधे वीज जाताच सुटणारा क्लच हवा, किंवा उलटा फिरू शकेल असा बॉल स्क्रू हवा. यांत्रिकी जाणणारा परीक्षक हे पहिल्या वाचनात पकडतो आणि ‘वर्णन अपुरं आहे’ असा आक्षेप घेतो. तेव्हा क्लच घालावा म्हटलं तर तो मूळ अर्जात नाही, म्हणून चालत नाही. यंत्रात क्लच बसवलेला असूनही कागदात नसेल तर तो नसल्यासारखाच.

अशीच दुसरी जागा म्हणजे रॉड आणि अ‍ॅक्चुएटर यांची भेट. रॉड शाफ्टसोबत फिरतो, अ‍ॅक्चुएटर बोटीच्या बुडाला बोल्टने घट्ट असतो. लहान बोटीत गियरबॉक्समधून रॉड पलीकडे नेणं अवघड, म्हणून गियरबॉक्स आणि स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर नेणारी नळी) यांच्या मधे शाफ्टला लांबट खाच पाडून, आडव्या पिनेने रॉड बाहेरच्या सरकत्या कॉलरला जोडतात आणि कॉलरवर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे फिरताना लांबीच्या दिशेचा दाब झेलणारं बेअरिंग, घालतात. हे बेअरिंग चित्रात नसलं तर यंत्र कागदावरच जळतं. खाचेमुळे शाफ्ट कमकुवत होतो, तिथे व्यास किती वाढवला तेही लिहा.

आकडे घाला, पण ते एकमेकांशी जुळलेले हवेत. पात्याची पिन मध्यापासून २० मिमी दूर आहे आणि कोन उणे १० अंशांपासून अधिक २५ अंशांपर्यंत बदलतो असं लिहिलंत, तर शून्य अंशाला पिनेची त्रिज्या रॉडला काटकोनात असताना रॉडची चाल सुमारे १२ मिमी येते (२५ आणि १० अंशांच्या साइनची, म्हणजे ०.४२ आणि ०.१७ यांची, बेरीज गुणिले २०). पुढच्या पानावर ‘चाल ४० मिमी’ लिहिलेलं असेल तर हिअरिंगमध्ये, म्हणजे सुनावणीत, त्यावर बोट ठेवलं जाईल. हबचा व्यासही द्या. कोन बदलणाऱ्या पंख्यात हब पंख्याच्या व्यासाच्या साधारण ०.२४ ते ०.३२ पट असतो, स्थिर पंख्यात ०.१६ ते ०.२५. तुमची रचना हब लहान ठेवत असेल, तर तो तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा होऊ शकतो. पण मूळ अर्जात त्याचा उल्लेख असेल तरच. पात्याच्या बुडाशी पाणी आत येऊ नये म्हणून ओ-रिंग कुठे आहे, हबमध्ये ग्रीस आहे की तेल, खाच झिजल्यावर पात्यात येणारी ढिलाई कशी काढता, हे प्रत्येकी दोन ओळींत उरकलं तरी पुरतं.

चित्रं ए४ कागदावर, वर आणि डावीकडे ४ सेंमी, खाली आणि उजवीकडे ३ सेंमी समास सोडून. चित्रावर मजकूर नको, फक्त क्रमांक. हबचा उभा छेद, क्रॉसहेडचं समोरून दिसणारं तोंड, कॉलरची जोडणी आणि वीज गेल्यानंतरची स्थिती, एवढी चार हवीतच. गोषवारा १५० शब्दांच्या आत. अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच चालतो, मराठी मसुदा स्वतःपुरता.

क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारं वाक्य. मुख्य क्लेमचा सांगाडा साधारण असा:

‘बोटीच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारं उपकरण (१०), ज्यात पोकळ शाफ्ट (१२), त्यातून सरकणारा रॉड (१४), रॉडच्या टोकाला हबमधला खाचांचा क्रॉसहेड (१६), प्रत्येक पात्याच्या बुडाला असलेली व त्या खाचेत सरकणारी पिन (१८), आणि रॉडला कॉलरमार्फत (२०) सरकवणारा अ‍ॅक्चुएटर (२२) आहे, वैशिष्ट्य असं की, अ‍ॅक्चुएटर आणि कॉलर यांच्या मधे वीज जाताच सुटणारा क्लच (२४) असून, हबच्या आत क्रॉसहेड आणि मागचं झाकण यांच्या मधे दाबलेली स्प्रिंग (२६) क्लच सुटताच क्रॉसहेडला थांब्यापर्यंत (२८) ढकलते आणि पाती पुढच्या चालीच्या कोनात धरते.’

‘कोन बदलण्याचं साधन’ एवढंच लिहून सोडलेला क्लेम रुंद वाटतो, पण स्पष्टतेच्या आक्षेपाला तो आयतं आमंत्रण आहे. क्लेम उपकरणावर घ्या, नुसत्या ‘बोटीवर’ नको, म्हणजे बोट न बनवता नुसतं हे उपकरण बनवून विकणाराही थेट कक्षेत येतो. जाता जाता: कलम ४९ प्रमाणे भारतीय पाण्यात तात्पुरत्या आलेल्या परदेशी जहाजावर त्याच्या स्वतःच्या गरजेपुरतं असं यंत्र वापरलं तर उल्लंघन होत नाही.

विनंती, फी आणि तारखा

अर्ज केल्याने परीक्षण आपोआप सुरू होत नाही. फॉर्म १८ भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना त्यासाठी अग्रक्रम तारखेपासून ३१ महिने आहेत. आधीचे ४८ महिने डोक्यात ठेवून बसलेले लोक इथे अर्ज गमावतात. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शैक्षणिक संस्था असेल तर ऑनलाइन फी अर्जाला १,६०० रुपये आणि फॉर्म १८ ला ४,००० रुपये. इतरांना ८,००० आणि २०,०००. पहिल्या गटाला दहाच्या वर प्रत्येक क्लेमला ३२० रुपये आणि तीसच्या वर प्रत्येक पानाला १६० रुपये जादा. लवकर निकाल हवा असेल तर फॉर्म १८ए, पहिल्या गटाला ८,००० रुपये. तो सगळ्यांना मिळत नाही: स्टार्टअप, लघुउद्योग, किंवा व्यक्ती-अर्जदारांत किमान एक महिला, असे ठरावीक गटच पात्र आहेत. अर्ज प्रकाशित झालेला नसेल तर सोबत लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९ जोडावा लागतो.

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातात. परीक्षक मात्र दिल्ली, चेन्नई किंवा कोलकात्याचाही असू शकतो. पत्रव्यवहार आणि हिअरिंग ऑनलाइन होतात, त्यामुळे ओळखीपाळखीचा विचार सोडा.

एफईआर आला की

पहिल्या दिवशी दोन तारखा कॅलेंडरवर लिहा. अहवाल निघाल्यापासून उत्तराला सहा महिने. ते संपण्याआधी फॉर्म ४ आणि फी भरली तर आणखी तीन. नाही दिलं तर कलम २१(१) खाली अर्ज सोडून दिला असं धरतात, ‘नामंजूर’ नाही, त्यामुळे अपिलाचीही सोय राहत नाही. दुसरी तारीख तीन महिन्यांची: परदेशातही अर्ज केला असेल तर त्याची माहिती देणारा फॉर्म ३ एफईआरपासून तीन महिन्यांत. सहा महिन्यांच्या भरवशावर ही हमखास हुकते.

मग कोष्टक बनवा. डावीकडे मुख्य क्लेमचे तुकडे एकेका ओळीत, उजवीकडे परीक्षकाने दिलेले दाखले डी१, डी२, डी३. प्रत्येक चौकटीत दाखल्याचा परिच्छेद क्रमांक आणि चित्रातला क्रमांक, किंवा ‘नाही’. दाखला पूर्ण वाचा, गोषवाऱ्यावर जाऊ नका. परीक्षकाने सांगितलेल्या परिच्छेदात ती गोष्ट खरंच आहे का हे पाहणं हेच या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फळ देणारं काम.

नावीन्याचा आक्षेप टिकायला क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच दाखल्यात हवी. एक जरी चौकट खरोखर ‘नाही’ असेल तर तेवढं दाखवून पुढे जा, इथे निबंध नको.

लढाई इन्व्हेंटिव्ह स्टेपवर होते, म्हणजे ही रचना जाणकाराला सहज सुचली असती का यावर. समजा डी१ म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा जहाजाचा पंखा, आणि डी२ म्हणजे पवनचक्की, जिच्यात पाती विजेच्या मोटरने फिरतात आणि वीज गेली की बॅटरीवर ती सुरक्षित कोनात जातात. परीक्षक म्हणेल, दोन्ही जोडले की तुमचं यंत्र झालं. ‘आमचं यंत्र वेगळं आणि उपयुक्त आहे’ हे उत्तर नव्हे. उत्तर असं द्या: पवनचक्कीत वीज गेल्यावर पाती वाऱ्याला धार देऊन उभी राहतात, चक्र थांबावं म्हणून. तीच शिकवण बोटीला लावली तर भर समुद्रात पंखा फिरेल पण बोट ढकलणार नाही. म्हणजे डी२ उलट दिशेला नेतो. शिवाय डी२ मध्ये मोटरी हबच्या आत आहेत, तर तुमच्या यंत्रात वीज हबपर्यंत जातच नाही, म्हणून फिरत्या भागाला वीज पोचवणारी स्लिप रिंग पाण्याखाली लागत नाही. असा फरक, त्याचा परिणाम आणि मूळ अर्जातला तो परिच्छेद, तिन्ही एका दमात लिहा.

एक सावधगिरी. तेल-दाब गेल्यावर स्प्रिंगने पुढच्या चालीच्या कोनात जाणारे जहाजी पंखे आधीपासून आहेत. असा दाखला पुढे आला तर ‘पुढचा कोन’ हा मुद्दा गळून पडतो आणि क्लच, कॉलर व स्प्रिंग यांची नेमकी मांडणीच उरते. म्हणून दुय्यम क्लेममध्ये ती मांडणी टप्प्याटप्प्याने अरुंद करत ठेवायची असते.

कलम ३(एफ)चा आक्षेप या विषयात हटकून येतो: माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली, प्रत्येक आपापलं काम नेहमीसारखं करतं. त्याला उत्तर म्हणजे साधनांचं एकमेकांवर अवलंबून असणं. क्लच सुटल्याशिवाय स्प्रिंगला काम नाही, आणि स्प्रिंगशिवाय सुटलेल्या क्लचमुळे पाती मोकळी राहतील. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भांडी लेथवर धरण्याच्या यंत्रणेचं पेटंट टिकू दिलं नाही, कारण ती कारागिराला सहज सुचणारी वर्कशॉपमधली सुधारणा ठरली. हा निकाल वाचून मगच उत्तर लिहा. परीक्षकाच्या डोक्यात तोच असतो.

इंजिनचे फेरे आणि भार मोजून कोन आपोआप ठरवणारा मायक्रोकंट्रोलर असेल तर नुसत्या गणिती रीतीला किंवा संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारणारं कलम ३(के) येतं. क्लेममध्ये फक्त गणिताच्या पायऱ्या असतील तर तो पडतोच. सेन्सर कुठे बसवला, आणि गणिताच्या शेवटी रॉड प्रत्यक्ष किती सरकला, इथपर्यंत क्लेम न्या. सुकाणूची वेगळी सुधारणाही त्याच अर्जात कोंबली असेल तर ‘एका अर्जात एकच कल्पना हवी’ असा आक्षेप येईल. तो भाग कलम १६ खाली वेगळ्या अर्जात काढा, पेटंट मंजूर होण्याआधी.

औपचारिक आक्षेप पटकन संपवा: वकालतनामा, शोधकाने हक्क दिल्याचा कागद, शोधक कोण हे सांगणारा फॉर्म ५, क्लेममधले राहिलेले क्रमांक.

सुधारलेले क्लेम फॉर्म १३ सोबत द्या, एक प्रत बदल खुणावलेली, एक स्वच्छ. नवा क्लेम जुन्याच्या आतच बसला पाहिजे. ‘मासेमारीची बोट’चं ‘कोणतंही जलयान’ करता येत नाही, उलट चालतं. चाचणीचे नवे आकडे शपथपत्रावर पुरावा म्हणून देता येतात, स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येत नाहीत.

हिअरिंग आणि त्यानंतर

उत्तराने समाधान झालं नाही तर कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारा अधिकारी, हिअरिंगची नोटीस काढतो. नोटिशीत जे आक्षेप उरले आहेत तेवढ्यावरच बोला. तारीख बदलून हवी असेल तर किमान तीन दिवस आधी अर्ज करा, दोनदाच मिळते, दर वेळी ३० दिवसांपर्यंत. स्क्रीनवर हबच्या छेदाचं चित्र तयार ठेवा आणि रॉड, क्लच, स्प्रिंग कोणत्या क्रमाने हलतात ते क्रमांकांनी दाखवा. राखीव म्हणून आणखी अरुंद क्लेमचा मसुदा जवळ असू द्या. हिअरिंगनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. तोंडी मान्य केलेली दुरुस्ती त्यात उतरली नाही तर ती धरली जात नाही.

नामंजुरीचा आदेश आलाच तर त्यात कारणं तपासा. ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या २०२२च्या निकालात दिल्ली हायकोर्टाने स्पष्ट केलं आहे की जुना दाखला, तुमची कल्पना आणि एकातून दुसरी कशी सहज सुचेल, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. नुसतं ‘सहज सुचण्यासारखं’ लिहिलेला आदेश अपिलात टिकायला अवघड. उघड चुकीसाठी फॉर्म २४ वर एका महिन्यात पुनर्विलोकन मागता येतं, आणि हायकोर्टात अपिलाला तीन महिने मिळतात.